पगार बंद, बिल चालू: बेळगाव, निपाणी, खानापूरच्या फ्रीलान्सरांनी कराचं काय करायचं?

“पुढच्या महिन्यापास्नं पगार नाही, बिल घाला की मॅडम.” बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ड्रॉइंग काढणाऱ्या, सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या, कारखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या पोरापोरींना हे वाक्य आता नवीन राहिलेलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असा नियम आला. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब वाढणार म्हटल्यावर काही मालकांना आपली माणसं एकाएकी ‘कन्सल्टंट’ वाटायला लागली. त्यातच १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला.

मीही पगारावरून बिलावर आलेली. घर टिळकवाडीत, क्लायंट उद्यमबागेत, सीमेपलीकडच्या शिनोळीत आणि पुण्यात. सीमाभागात राहून असं काम करताना पुण्या-मुंबईचे लेख अर्धेच उपयोगी पडतात. त्यांच्या लेखात राज्य एक असतं, आपल्या गावाला दोन लागून असतात. म्हणून हा लेख. यातला क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण थेट जीएसटीपासून सुरू करतात आणि पहिली पायरी कधी चढतच नाहीत.

१. आधी ठरवा: तुम्ही कंत्राटदार की बिल देणारे नोकर?

करारावर ‘कन्सल्टंट’ छापलं म्हणून कुणी कन्सल्टंट होत नाही. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या १९५७ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कस लावला तो असा: काय काम करायचं एवढंच नाही, तर ते कसं करायचं हेही सांगण्याचा हक्क मालकाकडे आहे का? पुढच्या निकालांनी त्यात आणखी प्रश्न घातले, पण गाभा तोच राहिला. नाव काय दिलंय हे नंतर, वागणूक काय आहे हे आधी.

स्वतःला विचारा:

- हजेरीच्या मशीनवर अंगठा लावावा लागतो का? सुट्टीसाठी अर्ज करावा लागतो का?
- लॅपटॉप, सॉफ्टवेअरचं लायसन्स, टेबल-खुर्ची कुणाची?
- तुमच्या ऐवजी तुम्ही दुसऱ्या जाणत्या माणसाकडून काम करून दिलं तर चालतं का?
- दुसऱ्या कंपनीचं काम घेण्याची मोकळीक आहे का?
- ड्रॉइंग चुकलं तर दुरुस्तीचा वेळ कुणाच्या खिशातून जातो?
- पैसे कामावर मिळतात की महिना भरला म्हणून?

उत्तरं बहुतेक मालकाच्या बाजूने झुकत असतील तर तुम्ही नोकरच आहात, फक्त पगारपत्रक नाही. याचा त्रास दोन्हीकडे होतो. पीएफ कार्यालयाने तपासणी केली तर मागची वर्गणी कंपनीच्या गळ्यात. आयकर विभागाने हे उत्पन्न पगारच आहे असं धरलं तर व्यावसायिकाची सवलत घेऊन भरलेलं तुमचं रिटर्न अडचणीत.

एक खूण सांगते. कंपनी तुमच्या बिलातून पीएफ कापत नाही, टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) मात्र दहा टक्के कापते, आणि वर दरमहा २०० रुपये ‘प्रोफेशनल टॅक्स’ म्हणूनही कापते. यातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. दरमहा कापायचा व्यवसाय कर हा पगारातून कापायचा असतो. स्वतंत्र व्यावसायिक तो स्वतः, वर्षातून एकदा भरतो. म्हणजे अकाउंट्सवाल्याच्या मनात तुम्ही अजून नोकरच आहात, आणि तोच कागद उद्या पुरावा म्हणून समोर येऊ शकतो.

मग करायचं काय? पर्याय दोन. एक, वागणूक खरंच बदलून घ्या: अंगठा बंद, कामानुसार पैसे, दुसरे क्लायंट घ्यायची मोकळीक. दोन, सरळ विचारा, “मुदतीच्या कराराची नोकरी देता का?” नव्या संहितेत मुदतीच्या कराराच्या कामगाराला कायम कामगारासारखेच लाभ आहेत आणि ग्रॅच्युइटी एक वर्ष झाल्यावरही मिळते, पाच वर्षं थांबावं लागत नाही. हा पर्याय कंपनीकडून आपणहून क्वचितच पुढे येतो. तो तुम्हालाच काढावा लागतो.

२. होकार देण्याआधी आकडा मांडा

“पगार पन्नास हजार होता, बिलही पन्नास हजाराचंच द्या, काय फरक पडतोय?” फरक पडतो. कागदावर मांडा.

समजा पगार महिना ५०,००० आणि त्यात मूळ वेतन २५,०००. कंपनी पूर्ण मूळ वेतनावर बारा टक्क्याने पीएफ भरत असेल तर तिचा वाटा महिना ३,०००. ग्रॅच्युइटी वर्षाला मूळ वेतनाच्या १५/२६, म्हणजे १४,४२३ रुपये, महिन्याला साधारण १,२००. आता भरपगारी रजा आणि सणाच्या सुट्ट्या मिळून वर्षाला पंचवीसेक दिवस धरा. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला १,९२३ रुपये, म्हणजे वर्षाला ४८ हजारांच्या आसपास, महिन्याला ४,०००. एवढ्यातच ८,२०० झाले. आरोग्य विमा आता स्वतःचा घ्यायचा. त्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे ही जमेची बाजू, पण हप्ता तर भरावाच लागतो. मधे काम नसलेला एखादा महिना येतो तो वेगळाच.

म्हणून पन्नास हजारांच्या पगाराचं बिल साठ हजारांच्या खाली नको. मी तर पासष्ट म्हणून बोलणी सुरू करायला सांगते.

करात फायदा होतो का? होऊ शकतो. अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, वास्तुरचना, अंतर्गत सजावट, हिशेबनीस, वकिली, वैद्यकी, माहिती तंत्रज्ञान अशा ठरावीक व्यवसायांना अंदाजित उत्पन्नाची योजना आहे. तिला सगळे अजून ‘४४एडीए’च म्हणतात. वर्षाची फी ५० लाखांपर्यंत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाच्या पावत्या जपायची कटकट नाही. रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ७५ लाख.

महिना ६०,००० म्हणजे वर्षाला ७,२०,०००. निम्मे ३,६०,०००. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर शून्य. पगारदाराला मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट तुम्हाला मिळणार नाही, पण इथे तिची गरजही नाही.

तीन गोष्टी मात्र नीट समजून घ्या.

एक, ही योजना सगळ्यांना नाही. मजकूर लिहिणारे, भाषांतर करणारे, सोशल मीडिया सांभाळणारे यांचा व्यवसाय त्या यादीत थेट नावाने नाही. ‘मित्राने घेतली म्हणून मीही’ असं करू नका. इथे एकदा चार्टर्ड अकाउंटंटला पैसे देणं स्वस्त पडतं.

दोन, ‘निम्मं’ म्हणजे किमान निम्मं. दोन वर्षांत घरकर्ज काढायचं असेल तर बँक रिटर्नमधलं ३,६०,००० बघते, तुमची ७,२०,००० ची बिलं नाही. नव्या प्रणालीत व्यवसायाचं १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न सवलतीमुळे करमुक्तच राहतं, मग खरं उत्पन्न जास्त असेल तर जास्तच दाखवा. शहापुरातल्या एका ओळखीच्या ड्राफ्ट्समनने नेमकं हेच केलं आणि कर एक रुपयाही न वाढता त्याची कर्जाची पात्रता वाढली.

तीन, जुनी-नवी प्रणाली दरवर्षी मनाला येईल तशी बदलण्याची मोकळीक पगारदारांना आहे. व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याने नवी सोडून जुनी घेतली तर परत नवीत यायची संधी एकदाच.

जाता जाता: नोकरी सुटली की पीएफ काढून गाडी घ्यायची घाई करू नका. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो.

३. कागदपत्रांची फाइल

- पॅन आणि आधार, एकमेकांशी जोडलेले. जोडणीअभावी पॅन निष्क्रिय असेल तर टीडीएस दहाऐवजी वीस टक्के कापला जातो.
- हेस्कॉमचं वीजबिल. गृहज्योतीमुळे रक्कम शून्य आली तरी कागद बिलाचाच असतो. त्यावर नाव आणि पत्ता कुणाचा हे बघा.
- घर वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि घरपट्टीची पावती. भाड्याचं असेल तर भाडेकरार.
- वेगळं बँक खातं. व्यवसायाची सगळी आवक एकाच खात्यात आली की मार्च महिन्यात देवाचं नाव घ्यावं लागत नाही.
- सहीचं पॅनकार्ड, फोटो, रद्द केलेला चेक, यांच्या स्कॅन केलेल्या प्रती.
- उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद. ती ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे. हजार-दोन हजार मागणाऱ्या, सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइट्स भरपूर आहेत, तिथे फसू नका.

आपल्या भागातला नेहमीचा घोळ म्हणजे स्पेलिंग. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. जुन्या आधारवर एक, वीजबिलावर दुसरं. ते बहुतेक ठिकाणी खपून जातं. आडनावाचं खपत नाही. आधार कानडीतून इंग्रजीत उतरताना ‘जाधव’मधला एक ‘एच’ गळालेला असतो, पॅनवर तो असतो, आणि नोंदणी तिथेच अडते. आधी हे दुरुस्त करा, मग पुढचे अर्ज.

४. कर्नाटकचा व्यवसाय कर

तुम्ही बसून काम करता त्या राज्याचा हा कर. क्लायंट कोल्हापूरचा असो की पणजीचा, तुम्ही बेळगावात बसलात तर कर कर्नाटकाला. निपाणीच्या मुलांना इथे हमखास गोंधळायला होतं, कारण सगळी कामं कागल-कोल्हापूरची असतात. चंदगडला राहून बेळगावात गाळा घेऊन काम करणाऱ्यानेही कामाची जागा पाहावी, रेशन कार्डावरचा पत्ता नव्हे.

कर्नाटकात पगार महिना २५,००० किंवा त्यावर असेल तर दरमहा २०० आणि २०२५ पासून फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० कापले जातात. स्वतंत्र व्यावसायिकाने नावनोंदणी प्रमाणपत्र काढून तेच २,५०० एकरकमी, ३० एप्रिलपर्यंत भरायचे. राज्यघटनेच्या कलम २७६ मुळे एका व्यक्तीकडून कुठल्याही राज्याला वर्षाला यापेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. म्हणून वर्षाच्या मधे नोकरी सोडली असेल तर पगारातून किती कापला गेला त्या पावत्या ठेवा.

काम वाणिज्य कर विभागाच्या पोर्टलवर होतं. कार्यालयात जायची वेळ आली तर पाटीवर ‘वाणिज्य तेरिगे’ असेल आणि काउंटरवर ‘वृत्ति तेरिगे’ म्हणा, लगेच कळतं. कर्मचारी मराठीतही बोलतात, पण अर्ज कानडीत किंवा इंग्रजीत.

५. करार आणि बिल

कंपनी देते तो करार बहुतेक वेळा जुन्या नेमणूकपत्राची नक्कल असतो, वरचं नाव तेवढं बदललेलं. ‘सकाळी नऊ ते सहा’, ‘रजेसाठी विभागप्रमुखांची परवानगी’, ‘इतरत्र काम करण्यास मनाई’, असली कलमं दिसली की काढून घ्या. त्याजागी हे हवं: कोणती ड्रॉइंग्ज किंवा कोणता मॉड्यूल, किती फेऱ्या दुरुस्ती, कोणत्या तारखेला किती पैसे, कोणत्या बाजूने किती दिवसांची सूचना. करार कर्नाटकच्या ई-स्टॅम्पवर करा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

बिल साधं असावं. माझं असं असतं:

बिल क्र. २०२६-२७/००३
दिनांक: ३० जून २०२६
कामाचं वर्णन: हायड्रॉलिक फिक्श्चरची थ्री-डी मॉडेल्स व उत्पादन ड्रॉइंग्ज, मागणी क्र. अमुक
रक्कम: ₹ ६०,०००
जीएसटी: लागू नाही, नोंदणीच्या मर्यादेच्या आत
पॅन, उद्यम क्रमांक, बँक खाते
मुदत: करारानुसार ४५ दिवसांच्या आत

‘जून महिन्याचं मानधन’ असं वर्णन कधीच लिहू नका. महिन्याचं मानधन म्हणजे पगारच, असं वाचणाऱ्याला वाटतं आणि त्याचं चुकत नाही.

त्या उद्यम क्रमांकाला वजन आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं करारात असलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षातच धरता येतो. करारच नसेल तर मुदत १५ दिवस. ही तरतूद २०२४ च्या एप्रिलपासून आहे. मार्च जवळ आला की बिलावरच्या त्या एका ओळीमुळे फोन तिकडून येतात.

६. टीडीएस: कापला म्हणजे भरला असं नाही

व्यावसायिक फीवर दहा टक्के, तांत्रिक सेवेवर दोन टक्के. एका क्लायंटकडून वर्षाला ५०,००० पर्यंत फी असेल तर काहीच नाही. ही मर्यादा एप्रिल २०२५ पर्यंत ३०,००० होती. जॉबवर्कसारखं कंत्राटी काम असेल तर वैयक्तिक कंत्राटदाराला एक टक्का. जुन्या कायद्यातली कलमं १९४जे (फी) आणि १९४सी (कंत्राट). नव्या कायद्यात पगाराव्यतिरिक्तचा सगळा टीडीएस कलम ३९३ खाली आणला आहे, पगाराचा ३९२ खाली. दर तेच राहिले, पत्ता बदलला.

क्लायंटशी आधीच बोला: कशाखाली कापणार? कॅड ड्रॉइंगचं काम एका क्लायंटने व्यावसायिक म्हणून दहा टक्क्यांनी कापलं, दुसऱ्याने कंत्राट म्हणून एक टक्क्याने, आणि रिटर्नमध्ये तुम्ही सगळं व्यावसायिक दाखवलं, तर विचारणा होऊ शकते. एकाच प्रकारच्या कामाला एकच कलम, एवढं मागणं रास्त आहे.

वरच्या उदाहरणात दर महिन्याला ६,००० कापले जातात, वर्षाला ७२,०००, आणि कर तर शून्य. ते सगळे परत मिळतात, पण रिटर्न भरल्यावर. तोवर पैसे अडकलेले. हे जड जात असेल तर कमी कपातीचं प्रमाणपत्र काढता येतं. जुनं कलम १९७, नवं ३९५. अर्ज ऑनलाइन होतो, मागच्या वर्षांची रिटर्न्स लागतात, त्यामुळे पहिल्याच वर्षी ते जमणं अवघड.

सगळ्यात मोठा सापळा: क्लायंटने कापला आणि सरकारकडे भरलाच नाही. किंवा भरला, पण पॅनचा एक अंक चुकवला. क्लायंटची टीडीएसची तिमाही विवरणपत्रं ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे पर्यंत जातात. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आयकर पोर्टलवर २६एएस आणि एआयएस (तुमच्या पॅनवर जमा झालेला कर आणि उत्पन्न दाखवणारे तक्ते) उघडून प्रत्येक बिलासमोर खूण करा. जूनमधल्या बिलाची कपात ऑगस्टमध्ये दिसत नसेल तर तेव्हाच फोन करा. पुढच्या वर्षी जुलैत केला तर तिथला अकाउंटंट बदललेला असतो.

आणि क्लायंटने टीडीएस कापलाच नाही, म्हणून ते उत्पन्न दाखवायचं नाही असं नसतं. लहान दुकानदार, डॉक्टर, ज्यांना ऑडिट लागत नाही, ते कापत नाहीत. पैसे मात्र तुमच्या खात्यात आलेलेच असतात.

७. जीएसटी: शिनोळी परराज्यात, बेंगळुरू घरात

सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. इथे सीमाभागात एक चुकीचं वाक्य फार फिरतं: “महाराष्ट्रात बिल देताय? मग जीएसटी सक्तीचाच.” वस्तू विकणाऱ्याला परराज्यात विक्रीसाठी नोंदणी लागते, हे खरं. पण सेवा देणाऱ्याला २०१७ च्या ऑक्टोबरपासून परराज्यात बिल दिलं तरी २० लाखांपर्यंत सूट आहे. चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत दोन क्लायंट आहेत एवढ्यावरून नोंदणी करून बसू नका. केली की दर महिन्याला किंवा तिमाहीला विवरणपत्र, काम नसलं तरी शून्याचं विवरणपत्र, उशीर झाला की विलंब शुल्क.

कधीकधी क्लायंटच म्हणतो, नंबर असल्याशिवाय व्हेंडर म्हणून घेत नाही. मग ऐच्छिक नोंदणी घ्यावी लागते. तो धंद्याचा निर्णय झाला, कायद्याची सक्ती नव्हे. नंबर घेतला की कर सगळ्यांनाच लागतो, त्या एका क्लायंटपुरता नाही. तुमचा दुसरा क्लायंट खडेबाजारातला दुकानदार असेल आणि त्याला त्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून वजावट, मिळत नसेल, तर अठरा टक्के त्याच्या खिशातून जातात. तो भाव पाडून मागणार.

नोंदणी झाली की बिलावर कोणता कर? क्लायंटच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा. २९ म्हणजे कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. तुमचा २९. शिनोळीचा कारखाना बेळगावहून दुचाकीवर जाता येईल इतका जवळ, पण क्रमांक २७ ने सुरू, म्हणून आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर. बेंगळुरू पाचशे किलोमीटर, पण २९, म्हणून केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी, निम्मा-निम्मा.

६०,००० च्या बिलावर:

- शिनोळी: आयजीएसटी १८ टक्के, १०,८००. एकूण ७०,८००.
- बेंगळुरू: सीजीएसटी ५,४०० + एसजीएसटी ५,४००. एकूण तेच ७०,८००.
- दोन्हीकडे टीडीएस फक्त ६०,००० वर, म्हणजे ६,०००. हातात ६४,८००.

कर बिलात वेगळा दाखवला तरच टीडीएस मूळ रकमेवर कापला जातो, हे लक्षात ठेवा. आणि पुण्याच्या कंपनीची बेळगावात शाखा असेल तर बिल कोणत्या क्रमांकावर हवं ते लेखी मागवा. चुकीच्या प्रकारचा कर भरला गेला तर योग्य कर पुन्हा भरून पहिल्याचा परतावा मागत बसावं लागतं. व्याज लागत नाही, पण पैसे अडकतात.

कंपोझिशनचा, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरायच्या योजनेचा, मोह होतो, कारण सहा टक्के आणि कागद कमी. सेवांसाठी ती ५० लाखांपर्यंत आहे. पण परराज्यात सेवा देणाऱ्याला ती घेताच येत नाही. ज्याचा एक क्लायंट जरी कागलला आहे, त्याच्यासाठी तो विषय संपला.

८. दोन कायदे, एकच आकडा

२०२६ मध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ चं उत्पन्न जुन्या, १९६१ च्या कायद्याखाली. त्याचं निर्धारण वर्ष, म्हणजे त्या उत्पन्नाचा हिशेब होतो ते पुढचं वर्ष, २०२६-२७. १ एप्रिल २०२६ पासूनचं उत्पन्न नव्या कायद्याखाली, आणि त्यात निर्धारण वर्ष हा प्रकारच नाही, सरळ ‘कर वर्ष’ आहे. त्याचा आकडाही २०२६-२७! म्हणजे जूनमध्ये तुम्ही मागच्या वर्षाचा उरलेला कर भरा किंवा या वर्षाचा आगाऊ कर, चलनावर २०२६-२७ च दिसणार. आधी कायदा कोणता ते निवडा, मग वर्ष, मग कराचा प्रकार, आणि पैसे भरण्याआधी पडद्यावरचं सगळं पुन्हा एकदा वाचा. पावतीच्या फाइलला नाव देतानाही ‘जुना’ किंवा ‘नवा’ लिहा.

अंदाजित उत्पन्नाची योजना नव्या कायद्यात कलम ५८ मध्ये आली आहे. आशय बदललेला नाही.

आगाऊ कर: टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त येणार असेल तरच. अंदाजित योजनेत असाल तर सगळा एकदम १५ मार्चपर्यंत. नसाल तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत पूर्ण.

९. परदेशी क्लायंट असेल तर

निर्यातीवर जीएसटी शून्य दराने, पण उलाढालीत ती मोजली जाते. २० लाख ओलांडले तर नोंदणी लागते, आणि कर न भरता निर्यात करण्यासाठी दरवर्षी नव्याने हमीपत्र, म्हणजे एलयूटी, द्यावं लागतं. एप्रिल उजाडला की आधी ते. बँकेकडून प्रत्येक रकमेचं आवक प्रमाणपत्र घ्या आणि पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले ते सांगणारा क्रमांक, बरोबर पडलाय का बघा. सॉफ्टवेअर सल्ल्याचा पी०८०२.

अमेरिकन क्लायंट डब्ल्यू-८बेन नावाचा, तुम्ही अमेरिकेबाहेरचे आहात असं सांगणारा फॉर्म मागतो. घाबरू नका, तो तिकडच्या कर खात्याला नव्हे, क्लायंटलाच द्यायचा असतो. सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत चालतो.

इंग्लंडचा क्लायंट ‘आयआर३५’ची प्रश्नावली पाठवतो. तिथे २००० सालापासून हा नियम आहे, आणि ६ एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या खाजगी कंपन्यांनाच ठरवावं लागतं की मधल्या कंपनीमार्फत आलेला माणूस खरं तर नोकर आहे का. प्रश्न वाचले तर वरच्या पहिल्या पायरीतलेच आहेत, भाषा तेवढी वेगळी. तुम्ही मधे कुठलीही कंपनी न घालता स्वतःच्या नावाने, भारतात बसून काम करत असाल तर तसं स्पष्ट लेखी कळवा.

१०. काम ॲपवरून येत असेल तर

कर्नाटकने २०२५ मध्ये प्लॅटफॉर्मवरच्या गिग कामगारांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. डिलिव्हरी आणि टॅक्सीच नाही, व्यावसायिक सेवा, मजकूर आणि माध्यमांचं काम देणारे प्लॅटफॉर्मही त्यात येतात. कल्याण शुल्क एक ते पाच टक्क्यांच्या दरम्यान आणि ते प्लॅटफॉर्मने द्यायचं. तुमच्या मोबदल्यातून ‘कल्याण शुल्क’ म्हणून काही वळतं केलेलं दिसलं तर लेखी विचारा. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवरही नोंद करून ठेवा, त्याला पैसे लागत नाहीत.

चार्टर्ड अकाउंटंट कशासाठी धरायचा हेही विचारतात लोक. व्यवसाय कर, उद्यम, २६एएसची तपासणी आणि शून्य जीएसटी विवरणपत्र स्वतः करा. अंदाजित योजनेला तुमचा व्यवसाय बसतो का, करारातली कलमं, पहिलं रिटर्न आणि कुठलीही नोटीस, एवढ्यासाठी त्याच्याकडे जा. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत पोर्टलवर तिच्याच खाली लिहिलेली असते आणि ती ईमेल बहुतेक वेळा स्पॅममध्ये जाऊन पडते, तेव्हा महिन्यातून एकदा पोर्टलवर स्वतः लॉगिन करून ‘प्रलंबित कार्यवाही’ उघडून बघा.